जुना पीसी, नवी चकमक : होतकरू नेमबाजांसाठी मार्गदर्शन

हे मार्गदर्शन कोणासाठी आहे ते आधी सांगून टाकू. ज्यांच्या एकट्या ग्राफिक्स कार्डाला स्कूटरएवढे पैसे पडले, त्यांनी इथूनच परत फिरावं. त्यांच्या अडचणी वेगळ्या असतात आणि त्या बहुधा कॅबिनेटमधल्या दिव्यांच्या रंगाशी संबंधित असतात. आपला वाचक निराळा. त्याच्या टेबलाखाली काळा, जड, कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त झालेला डेस्कटॉप आहे. पुढच्या बाजूचं नंबराचं स्टिकर कोणीतरी अर्धवट खरवडलेलं आहे. आत चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, म्हणजे २०१३ च्या सुमाराचा. रॅम ८ जीबी, एकाच पट्टीत. मॉनिटर ६० हर्ट्झचा. दुपारी ह्या यंत्रावर वडील जीएसटीचं रिटर्न भरतात, संध्याकाळी बहीण शिष्यवृत्तीचा फॉर्म भरते आणि रात्री साडेदहानंतर ते आपल्या वाचकाच्या ताब्यात येतं. त्याला त्यावर काउंटर-स्ट्राइक २ खेळायचंय, आणि गेम मख्खन चालायला हवाय.

चालेल. पण आधी कागदपत्रं तपासू. २७ सप्टेंबर २०२३ ला हा गेम आला आणि २०१२ पासून चालत आलेल्या सीएस-गोची जागा त्याने घेतली. जुना गेम बिचारा कशावरही धावायचा. नव्याची किमान अपेक्षा अशी : चार थ्रेडचा प्रोसेसर, उदाहरणार्थ २००९ सालचा आय-फाइव्ह ७५०, ८ जीबी रॅम, डायरेक्टएक्स ११ समजणारं, १ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड, आणि डिस्कवर ८५ जीबी जागा. म्हणजे आपलं यंत्र कागदोपत्री पास आहे. पस्तीस गुण मिळवणाराही कागदोपत्री पासच असतो. ज्यांचं यंत्र ह्याहूनही वयस्कर आहे त्यांनी व्हॅलोरंटकडे वळायला हरकत नाही. त्याच्या किमान यादीत २००८ सालचा कोअर टू ड्युओ ई८४०० आहे, फक्त तिथे वायदा ३० फ्रेमचाच आहे. शिवाय त्याचा व्हॅनगार्ड नावाचा पहारेकरी विंडोज सुरू होतानाच कामावर हजर होतो, आणि विंडोज ११ असेल तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दाखवा म्हणतो.

पूर्वतयारी : काय काय सोडायचं

आपल्याकडे पीसी सुरू झाला की डेस्कटॉपवर राइट-क्लिक करून रिफ्रेश मारायची पद्धत आहे. एकदा मारून कोणाचंच समाधान होत नाही. सात-आठ वेळा, चटचट, आयकॉन लुकलुकेपर्यंत. ह्या क्रियेने डेस्कटॉपवरचे आयकॉन पुन्हा काढले जातात. बाकी काही होत नाही. रॅम मोकळी होत नाही, प्रोसेसरला हुरूप येत नाही. तरी ही सवय सोडाच असा आमचा आग्रह नाही, कारण ती सोडलेला माणूस अजून आमच्या पाहण्यात नाही.

टेम्प आणि प्रीफेच ही फोल्डरं दर शनिवारी रिकामी करणारा एक पंथ आहे. टेम्प पुसल्याने डिस्कवर थोडी जागा होते, फ्रेम वाढत नाहीत. प्रीफेच म्हणजे प्रोग्राम लवकर उघडता यावेत म्हणून विंडोजने स्वतःसाठी काढलेल्या नोंदी. त्या पुसल्या की ते बापडं पुन्हा पहिल्यापासून लिहीत बसतं. त्यापुढचा पंथ टास्क मॅनेजरमध्ये जाऊन गेमला ‘रिअलटाइम’ प्राधान्य देतो. मग गेम इतका पुढे जातो की माउस आणि आवाज सांभाळणाऱ्या बाकीच्या मंडळींना प्रोसेसरपाशी वेळेवर उभंही राहता येत नाही. अशी सरबराई नको.

लाँच ऑप्शन्समध्ये कोणाकडून तरी आलेली लांबलचक ओळ चिकटवलेली असते. तिच्यातले निम्मे शब्द सीएस-गोच्या काळातले. डायरेक्टएक्स ९ साठीचा शब्द तर हमखास सापडतो, आणि नव्या गेममध्ये डायरेक्टएक्स ९ च राहिलेलं नाही. सर्व्हरचा टिकरेट १२८ करून मागणारा शब्दही त्यात असतो. तुमच्या घरच्या पीसीच्या विनंतीवरून कंपनीचा सर्व्हर बदलत नाही. ओळ पुसून टाका. यंत्राला त्याचा पत्ताही लागणार नाही.

इथवर सगळं निरुपद्रवी होतं. आता जे सांगतोय ते मात्र गंमत म्हणून नाही. ‘एफपीएस बूस्टर’ नावाची फाइल आणि कोणा अनोळखी माणसाने छाटून ‘लाइट’ केलेलं विंडोज, ह्या दोन गोष्टींना घरात घेऊ नका. त्याच पीसीवर वडिलांचं नेटबँकिंग चालतं. छाटताना कोणी आत काय शिवून ठेवलंय हे तुम्हाला कळणार नाही, आणि ज्या दिवशी कळेल त्या दिवशी विषय फ्रेमचा राहिलेला नसेल. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. म्हणजे आपलं यंत्र आधीच जरा उघड्यावर आहे. त्यात आणखी खिडक्या काढू नयेत.

पायरी पहिली : दुखणं कुठलं ते ओळखा

‘लॅग होतंय’ हे वाक्य मराठी घरांत किमान तीन वेगळ्या दुखण्यांसाठी वापरलं जातं आणि चौथ्यांदा निव्वळ नेम चुकल्यावर वापरलं जातं. एफपीएस हा घरातला मामला आहे : तुमचा पीसी सेकंदाला किती चित्रं काढतो. पिंग हा तारेचा मामला आहे : तुमची गोळी सर्व्हरपर्यंत जाऊन निरोप यायला किती वेळ लागतो. मुंबईतच सर्व्हर असल्यामुळे आपल्याकडे पिंग सहसा बरा असतो, पण राउटर देवघराच्या वर आणि पीसी मागच्या खोलीत असेल तर तो वायफायवर उड्या मारतो. त्यावर ग्राफिक्सची कुठलीही सेटिंग चालत नाही. लांब लॅनची वायर आणा, दाराच्या चौकटीवरून न्या, विषय संपला. गेमच्या सेटिंगमध्ये टेलिमेट्री नावाचा भाग आहे, तिथे दोन्ही आकडे पडद्यावर दाखवायची सोय आहे. ते लावून ठेवा, म्हणजे निदान तक्रार योग्य खात्यात जाईल.

आता आकड्यांकडे जरा नीट बघू, कारण सगळी मेख इथे आहे. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. समजा तुमचा पीसी सरासरी ९० चित्रं काढतो. कोपऱ्यातला आकडा ९० दाखवतो आणि तुम्ही खूश. पण मध्येच एखादं चित्र ८० मिलिसेकंद घेतं. तेवढ्या वेळात ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर पाचएक चित्रं बदलायला हवी होती. तुम्ही एकाच चित्राकडे बघत होतात. नेमका त्याच वेळी मिराज नावाच्या मॅपवरच्या पॅलेसमधून एक गडी बाहेर पडला. तुमच्या दृष्टीने तो चालत आलाच नाही. आधी तो नव्हता, मग तो होता, मग तुम्ही नव्हता. सरासरीत ह्या ८० मिलिसेकंदांचा मागमूस लागत नाही.

तेव्हा आपल्याला आकडा वाढवायचा नाहीये, तो हलू द्यायचा नाहीये. ठाम ७० हे नाचऱ्या ११० पेक्षा खेळायला कितीतरी चांगले. ह्यासाठी गेमच्या कन्सोलमधली एफपीएस-मॅक्स ही कमांड वापरा. आधी पाहा, धूर, स्फोट आणि पाच-सहा माणसं एकाच जागी आल्यावर आकडा कुठवर घसरतो. आणि तिथेच मर्यादा बांधून टाका. मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे म्हणून ६० वरच बांधायचं कारण नाही. पीसी ९० टिकवत असेल तर मॉनिटर दाखवेल ते चित्र त्यातल्या त्यात ताजं असेल. व्ही-सिंक मात्र बंद. चित्र मध्येच फाटल्यासारखं दिसतं ते सोसा. व्ही-सिंकमध्ये तयार चित्रही मॉनिटरच्या पाळीची वाट बघत थांबतं आणि तुमचा माउस उशिरा पोचतो.

पायरी दुसरी : झाकण उघडा

ह्या पायरीला पैसे लागत नाहीत, म्हणून ती कोणी करत नाही.

प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. इंटेलच्या ह्या पिढीत ती वेळ १०० अंश सेल्सिअसच्या आसपास येते. म्हणूनच पहिली दहा मिनिटं गेम झकास चालतो आणि नेमका मॅच पॉइंटला रडायला लागतो. एचडब्ल्यूमॉनिटरसारखा तापमान दाखवणारा फुकट प्रोग्राम मागे चालू ठेवा आणि एक सामना खेळून बघा. आकडा नव्वदीत असेल तर सेटिंग बदलत बसू नका, स्क्रू-ड्रायव्हर आणा.

मुख्य वायर काढा, मग पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेट गॅलरीत न्या. आईने विचारलं तर ‘साफसफाई’ हा शब्द वापरावा. ‘गेम’ हा शब्द ह्या टप्प्यावर टाळलेला बरा. उघड्या धातूला हात लावा, मग आत हात घाला. प्रोसेसरवरचा पंखा वरून स्वच्छच दिसतो. त्याला भुलू नका. पंखा काढलात की त्याच्या खाली, अॅल्युमिनियमच्या पात्यांच्या तोंडाशी, धुळीची करडी गोधडी अंथरलेली सापडेल. ती बोटांनी अख्खीच्या अख्खी उचलता येते. त्यात मांजराचे केस निघतील, उदबत्तीची राख निघेल, आणि डेस्कटॉप ज्या ऑफिसातून आला तिथलीही काही माती निघेल. इतकी वर्षं पंखा जीव तोडून फिरत होता तो ह्या गोधडीवर. हार्डवेअरच्या दुकानातला एक इंची रंगाचा ब्रश इथे उत्तम चालतो. ब्लोअर असेल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने त्याला भन्नाट फिरवणं हा खेळ मजेशीर असला तरी बेअरिंगला मानवत नाही. घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

कूलर खाली काढलाच आहे तर थर्मल पेस्टही बदला. जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड घेऊन दोन्ही बाजू चकचकीत पुसा, मध्यभागी मटाराच्या दाण्याहून कमीच पेस्ट ठेवा. श्रीखंडासारखी थापू नका. इंटेलच्या मूळ कूलरला चार काळ्या खुंट्या असतात. त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून आळीपाळीने दाबायच्या, प्रत्येकीचा टक् आवाज यायला हवा. एक जरी अर्धवट बसली तरी कूलर तिरका राहतो आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. मग माणूस पेस्टच्या ब्रँडला शिव्या देतो.

रॅमच्या पट्टीचे सोनेरी दाते खोडरबराने पुसायचा उपाय तुम्ही ऐकला असेल. तो खरा आहे, पण पीसी सुरूच होत नसेल, नुसता बीप वाजत असेल तर. त्याने फ्रेम वाढत नाहीत. हात फिरवलात तर हलका फिरवा आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका.

चंद्रपूर-नागपूरकडच्या वाचकांसाठी पुरवणी : खोलीतलं तापमान १० अंशांनी चढलं की चिपचंही साधारण तितकंच चढतं. जानेवारीत सुरळीत चालणारा पीसी मे महिन्यात रुसला तर त्यात पीसीचा दोष नाही. कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅन लावायचा सर्वमान्य उपाय खरोखर चालतो, फक्त धूळ दुपटीने शिरते; पहिला पाऊस झाला की झाकण परत लावा. लॅपटॉपवाल्यांनी मागची बाजू उचलून ठेवावी, चार्जर लावून खेळावं, आणि गादीवर ठेवून खेळणं सोडावं. त्यांना ह्याहून जास्त काही सांगण्यासारखं नाही.

पायरी तिसरी : मागच्या बाजूचा घोळ

कॅबिनेट फिरवलंच आहे तर मॉनिटरची केबल कुठे खोचली आहे ते बघा. ग्राफिक्स कार्ड वेगळं असेल तर मागे दोन ठिकाणी एचडीएमआयची भोकं दिसतात : वर, यूएसबीच्या शेजारी, ती मदरबोर्डची, खाली, आडव्या पट्टीवर, ती कार्डाची. केबल वरच्या भोकात असेल तर कार्ड आत नुसतं बसून आहे आणि सगळं काम प्रोसेसरमधलं चिमुकलं ग्राफिक्स करतंय. असे पीसी घरोघरी आहेत. त्याचीच चुलत भानगड म्हणजे १४४ हर्ट्झचा मॉनिटर विकत घेऊन तो विंडोजमध्ये ६० वरच ठेवणं. डिस्प्लेच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये आकडा आपल्या हाताने बदलावा लागतो.

पायरी चौथी : सेटिंग, एकदाची

इथे सगळे ‘लो’ करून मोकळे होतात. त्याआधी एक चाचणी करा. रिझोल्यूशन एकदम खाली आणा. फ्रेम वाढल्या तर ग्राफिक्स दमत होतं. तसूभरही हलल्या नाहीत तर प्रोसेसर दमतोय, आणि मग रिझोल्यूशन कमी करून तुम्ही फक्त डोळ्यांना शिक्षा देताय. ते मुकाट्याने परत वर न्या. हा गेम प्रोसेसरवर बराच भार टाकतो, त्यामुळे दुसरा निकाल अनेकांच्या वाट्याला येतो.

पहिला निकाल आला असेल तर १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ९६० वर या. पडद्यावरचे ठिपके सुमारे २०.७ लाखांवरून १२.३ लाखांवर येतात, म्हणजे रंगवायचं काम चाळीसेक टक्क्यांनी कमी. अनेक व्यावसायिक खेळाडू हेच रिझोल्यूशन ताणून वापरतात, त्यामुळे मित्रांना गरिबी म्हणून सांगायची गरज नाही, शैली म्हणून सांगा. ताणल्यावर समोरची माणसं रुंद दिसतात, पण ती पडद्यावरून सरकतातही वेगाने, आणि दोन्ही कडांचा थोडा भाग दिसेनासा होतो. कडेला उभा राहून तुमच्याकडे बघणारा गडी त्या भागातच असतो.

सावल्या बंद करायचा मोह होईल. आवरा. कोपऱ्यामागून येणाऱ्याची सावली त्याच्याआधी भिंतीवर किंवा जमिनीवर पडते. ती घालवून दोन-चार फ्रेम कमावणं म्हणजे चोराची चाहूल लागू नये म्हणून कुत्रा विकणं. डायनॅमिक शॅडोज चालू ठेवा, सावल्यांचा दर्जा वाटल्यास उतरवा. अँबियंट ऑक्लुजन बिनधास्त बंद करा, अँटी-अलायसिंग दोनपटीवर आणा, खेळाडू उठून दिसण्याची जी सोय आहे ती चालू ठेवा. धुराचं मात्र तुमच्या हातात फारसं नाही. ह्या गेममधला धूर खोलीच्या आकाराप्रमाणे पसरतो, गोळीने त्यात फट पडते, हातबॉम्बने भोक पडतं. दिसायला फार देखणा प्रकार आहे. जुनं ग्राफिक्स त्याच्या अगदी तोंडाशी उभं राहिलं की धापा टाकतं, म्हणून तुम्ही तोंडाशी उभे राहू नका. तसंही ते युद्धशास्त्रात बसत नाही.

माउसच्या सेटिंगमध्ये विंडोजचं ‘पॉइंटर प्रिसिजन’ बंद करा. त्याच्यामुळे हात जितका वेगात तितकी पॉइंटरची उडी मोठी होते आणि मनगटाला अंदाज बांधता येत नाही. वडिलांनी उघडे ठेवलेले क्रोमचे टॅब ८ जीबी रॅममधला मोठा वाटा खातात. ते बंद करण्यापूर्वी विचारा. रिटर्न अर्धं भरलेलं असू शकतं.

पायरी पाचवी : आता पैसे

सगळ्यात आधी रॅमची दुसरी पट्टी. एकाच पट्टीवर मेमरीचा एकच रस्ता उघडा असतो. त्याच क्षमतेची आणि वेगाची जोडीदार बसवली की दोन्ही रस्ते चालू होतात. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरणाऱ्यांना ह्याचा फायदा फार मोठा, कारण ते ग्राफिक्स ह्याच रॅममधून उचलून खातं. स्लॉट कुठले ते मदरबोर्डवरच्या रंगांवरून किंवा नंबरांवरून बघा. त्यानंतर एसएसडी. तिने फ्रेम वाढत नाहीत हे दुकानदार सांगणार नाही म्हणून आम्ही सांगतो. पण मॅप वेळेवर उघडतो आणि खेळता खेळता डिस्क चाळताना बसणारे हिसके कमी होतात.

ग्राफिक्स कार्डासाठी मुंबईकर लॅमिंग्टन रोडला जातात. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असेल, घाबरू नका, तोच रस्ता. पुण्याच्या वाचकाने बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरातून फेरी मारावी. जीटी ७३० म्हणून दाखवतील ते नाव एकच असलं तरी माल वेगवेगळा असतो; काहींत साधी डीडीआर-३ मेमरी, काहींत जीडीडीआर-५, आणि वेगात मोठं अंतर. खोक्यावरचं बारीक अक्षर वाचा. ऑफिसातल्या डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय बेताचा असतो आणि त्यात कार्डासाठीची सहा पिनांची वायर बहुधा नसते. स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंतच वीज मिळते, म्हणून जीटीएक्स १०५० टीआय किंवा १६५० यांच्यातलं वेगळी वायर न मागणारं मॉडेल शोधा. दोन्हींत वायर मागणारीही मॉडेलं आहेत.

वापरलेलं कार्ड घेत असाल तर ‘चालवून दाखवा’ म्हणा. विंडोज उघडून दाखवलं म्हणजे चालवून दाखवलं असं होत नाही. दहा मिनिटं भार टाकायला लावा, पंखे दोन्ही फिरतात का बघा, पडद्यावर रंगीत ठिपके उमटतात का बघा. ‘टेस्टिंग वॉरंटी’ किती दिवसांची ते बिलावर लिहून घ्या, सोबत कार्डाचा सिरियल नंबरही. आणि कॅबिनेट अरुंद असेल तर कार्डाला अर्ध्या उंचीची लोखंडी पट्टी लागते. ती सुटी मिळते आणि हमखास ड्रॉवरमध्ये राहून जाते. पिशवीत आहे का ते बघून मगच जिना उतरा.